लॅण्डस्केप आर्किटेक्चरची बातमी तालुक्याच्या पानावर कशी लागते

तालुक्याच्या वार्ताहराला "मी लॅण्डस्केप आर्किटेक्ट" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे गार्डनचं काम करता काय भाऊ?" त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातही हे काम 'सुशोभीकरण' या एका शब्दाखाली बसवलेलं असतं. त्या शब्दात पाण्याची वाट, मातीचा उतार, झाडाची जागा आणि बसायची सावली हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. 'आमचा पेशा काय आहे' अशी बातमी गावाकडच्या पानावर लागत नाही. लागते ती जागेची बातमी. तलावाची, शाळेच्या आवाराची, आठवडी बाजाराची, स्मशानभूमीची. पेशाचं नाव त्या बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात येतं, तेही एकाच वाक्यात. नवख्यांची गडबड इथेच होते. ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपासून सुरुवात करतात आणि वार्ताहराचं लक्ष तिसऱ्या ओळीला मोबाईलकडे जातं.

जागा निवडा, पण आधी ती कोणाची ते बघा

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले गावतलाव, हा हमखास चालणारा विषय. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. पाळ (तलावाचा बांध), तुडूम (पाणी सोडायची मोरी), सांडवा (जादा पाणी जायची वाट) हे शब्द तिथल्या प्रत्येक वाचकाला माहीत आहेत. तुमच्या कामामुळे पाळीवरची बेशरम (पाण्याकाठी माजणारी झुडपं) निघाली असेल किंवा गुरांना पाण्यावर उतरायला वेगळी वाट झाली असेल, तर ती बातमी आहे. 'तलाव परिसराचा कायापालट' ही बातमी नाही. तिथे नुसती रंगरंगोटी झाली असावी, असाच वाचकाचा समज होतो.

वऱ्हाडात विषय बदलतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागांत, जमिनीखालचं पाणीच खारट. तिथे 'कोणतं झाड तगलं' याला किंमत आहे. यवतमाळ-वर्ध्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) वर-खाली होतात, कुंपणाची भिंत तडकते. हे का होतं आणि कसं टाळता येतं, हे सांगणारा माणूस वार्ताहराला परत परत लागतो.

पण जागा कोणाच्या ताब्यात आहे हे कळल्याशिवाय कोणालाही फोन करू नका. बहुतेक मालगुजारी तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि काठावरची एखादी पट्टी कुणीतरी वहितीखाली आणलेली असते. तुम्ही काठावर झाडं लावल्याची बातमी दिली आणि ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांची जाळी ओढायची जागा त्याच झाडांनी अडवली असेल, तर दुसऱ्या दिवशी तुमच्याच विरोधात निवेदनाची बातमी लागेल. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, या तिघांना बातमी आधी तोंडी सांगा. लेखी परवानगी लागतेच असं नाही. आधी कळवलेलं असलं की पुरतं.

आकडा मोजा, तोही गावाच्या मापात

आकडा नसेल तर बातमी 'कार्यक्रम संपन्न' होऊन बसते. तीन आकडे कुठेही काढता येतात.

पहिला पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणून एकरभर शाळेच्या आवारात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ४ लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे पाच हजार लिटरचे ८० टँकर. 'घनमीटर' शब्द छापून येतो, पण वाचला जात नाही. टँकर मात्र मार्च ते जून प्रत्येकाच्या डोळ्यासमोर उभा असतो. अमृत सरोवराचंही तसंच. किमान एक एकर आणि १०,००० घनमीटर साठवण ही योजनेची अट. ती 'दोन हजार टँकर' अशी सांगा.

इथे एक सापळा आहे. पडलेलं पाणी आणि मुरलेलं पाणी एक नव्हे. काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरतं, बरंचसं वाहून जातं किंवा उडून जातं. तुम्ही '८० टँकर पाणी पडतं' म्हणालात की पेपरच्या डेस्कवर (बातम्या संपादित होतात तिथे) त्याचं '८० टँकर पाणी जमिनीत मुरवलं' होतं. मग कोणीतरी जाणता अभियंता ते कात्रण घेऊन तुम्हाला खोटं पाडतो. म्हणून प्रेसनोटमध्ये त्याच वाक्याला जोडून लिहा: 'यातील किती पाणी मुरते याचे मोजमाप पावसाळ्यानंतर विहिरीच्या पातळीवरून केले जाईल.' आणि मोजमाप खरंच करा. दोर, वजन आणि वही एवढं पुरतं.

दुसरा आकडा उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचं तापमान पहिल्या पानावर असतं. अशा वेळी आठवडी बाजारात दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं उन्हातले गट्टू, कडुलिंबाखालचे गट्टू, कडुलिंबाखालची माती आणि टिनाच्या शेडखालची फरशी मोजा. प्रत्येकी दहा नोंदी, सगळ्या अर्ध्या तासाच्या आत. चकचकीत पत्र्यावर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, तो घेऊ नका. आणि प्रत्येक ठिकाणी 'पृष्ठभागाचे तापमान' असंच लिहा. नाहीतर 'बाजारात पारा ६० वर' असा मथळा येईल आणि हवामान खात्याचा आकडा शेजारच्याच स्तंभात तुमची टर उडवेल.

तिसरा आकडा जगलेल्या झाडांचा. मागच्या पावसाळ्यात किती लावली, आज किती हिरवी आहेत. बरी असो वा वाईट, ही संख्या खरी द्या. 'शंभरातली चाळीस मेली, कारण ट्री-गार्ड होते पण मार्चनंतर पाणी घालणारा माणूस नव्हता' ही बातमी 'शंभर झाडे लावली' यापेक्षा मोठी लागते. ती सांगणाऱ्यावर लोक पुढेही भरवसा ठेवतात.

वार्ताहर कसा काम करतो

गावाकडचा वार्ताहर बहुतेक वेळा पूर्णवेळ पगारी नसतो. त्याचं दुकान असतं, शेती असते, कधी पेपरची एजन्सीही त्याचीच असते. लोकमत, देशोन्नती, तरुण भारत, सकाळ, पुण्यनगरी, लोकसत्ता, शिवाय हिंदीतले नवभारत आणि दैनिक भास्कर. यांतला कोणता पेपर तुमच्या तालुक्यात खरंच वाचला जातो, ते चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलात की कळतं. आठवडाभर ते तालुक्याचं पान वाचा, कोणाच्या बातम्या पाणी, शाळा, शेती यांवर येतात ते बघा आणि तीनच नावं निवडा. पंधरा जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदम टाकलेली नोट सगळे जशीच्या तशी लावतात किंवा कोणीच लावत नाही.

पहिला फोन सकाळी अकरा-बाराच्या सुमारास. दुपारी तीननंतर ते बातम्या पाठवायच्या घाईत असतात. संध्याकाळी जिल्ह्याचं पान लागत असताना फोन केलात तर तुमचा नंबर लक्षात राहील, पण चांगल्या अर्थानं नाही. फोनवर बोलणं एवढंच:

"भाऊ, नमस्कार. शाळेच्या आवारात पाणी साचायचं ना, त्याचं काम झालं. एकरभर जागेत पाण्याचा किती हिशोब बसतो ते मोजलंय. उद्या सकाळी या काय बघायला? मॅडम पण राहतील."

"यात बातमी काय हाय पण?"

"पायरीपर्यंत पाणी यायचं, पोरं चिखलातून वर्गात जायची. आता पाणी कुठं जातं ते दाखवतो."

पेशाचं नाव फोनवर काढूच नका. ते जागेवर, उतार दाखवताना सांगा.

प्रेसनोट

दीडशे ते दोनशे शब्द. युनिकोडमध्ये, व्हॉट्सअॅपवर सरळ मजकूर म्हणून. पीडीएफ नको, लेटरहेडचा फोटो तर अजिबात नको, कारण वार्ताहराला तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि टाइप करताना तो निम्मा कापतो. खालचा नमुना एका काल्पनिक शाळेचा आहे. आकडे आपल्या जागेचे घाला.

*शाळेच्या पायरीपर्यंत येणारे पाणी आता वळले*

*(गाव), ता. १२ : येथील जिल्हा परिषद शाळेच्या आवारात दर पावसाळ्यात वर्गखोल्यांच्या पायरीपर्यंत पाणी साचत होते. यंदा आवाराला उतार देऊन आणि २५ मीटर लांबीचा दगडी चर काढून हे पाणी कुंपणालगतच्या खोलगट भागाकडे वळविण्यात आले आहे. एक एकराच्या या आवारात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे ४ लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या ८० टँकरइतके पाणी पडते. यातील किती पाणी मुरते याचे मोजमाप पावसाळ्यानंतर केले जाईल.*

*पाण्याची वाट, जमिनीचा उतार आणि झाडांच्या जागा यांचा आराखडा लॅण्डस्केप आर्किटेक्टने तयार केला. इमारतीबाहेरच्या जमिनीचे, पाण्याचे आणि सावलीचे नियोजन हे या पेशाचे काम आहे. भिंतीपासून पाच मीटर अंतर सोडून करंज आणि कडुलिंब लावण्यात आले असून, काळी माती फुगत असल्याने भिंतीलगत झाडे टाळण्यात आली.*

शेवटी मुख्याध्यापिकेचं किंवा सरपंचाचं एक वाक्य, त्यांनी उच्चारलं तसं. तुम्ही सुचवलेलं 'हा उपक्रम स्तुत्य आहे' हे वाक्य कापलं जातं, आणि ते कापलेलंच बरं. त्याच्या जागी "पोरायचे पाय आता कोरडे राह्यतात" असं कोणी म्हणालं असेल तर तेच द्या.

दुसरा परिच्छेद नीट बघा. त्यात पेशाचं नाव आहे, त्याला लागून काम सांगणारं क्रियापद आहे आणि एका ओळीत व्याख्या आहे. 'भूदृश्य वास्तुविशारद' हा शब्द चांगला आहे, पण बातमीत तो अडखळतो. उपसंपादक त्याचं 'वास्तुतज्ज्ञ' करून टाकतो आणि मग दक्षिणमुखी दाराचे फोन यायला लागतात. 'लॅण्डस्केप आर्किटेक्ट' हेच ठेवा.

नोटमधून पाहुण्यांची यादी काढा. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख उपस्थिती तमुक, आभार प्रदर्शन ढमुक, यात दोनशेपैकी दीडशे शब्द संपतात. पाहुण्यांना वगळणं जमणारच नसेल (गावात बरेचदा जमत नाही), तर नावं वेगळ्या मेसेजमध्ये 'उपस्थिती' म्हणून पाठवा. जागा उरली तर वार्ताहर लावेल.

फोटो

रोपटं धरून ओळीनं उभी बारा माणसं, हा फोटो जूनमध्ये रोज वीस ठिकाणांहून डेस्कवर येतो. तुम्ही दोन पाठवा: पावसात साचलेलं पाणी आणि त्याच जागेवरून, त्याच कोनातून कामानंतरचं चित्र. उभं राहायची जागा आधीच ठरवून तिथे खूण करून ठेवा, विजेचा खांब किंवा हापशी चालेल. नाहीतर सहा महिन्यांनी कोन जुळत नाही आणि 'आधी-नंतर' पटत नाही. फोटो आडवा, त्यात एक-दोन माणसं खरंच काहीतरी करताना. व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि छपाईत भुरकट येतो. फोटोओळ सोबतच: कोण, कुठे, काय करताना, नावं डावीकडून. लहान मुलं असतील तर शाळेला आणि पालकांना विचारून. नकाशा किंवा आराखडा छापायला देऊ नका, दोन स्तंभांत तो काळा डाग दिसतो. जागेवर मात्र मोठा कागद न्या.

पत्रकार परिषद नको, जागा दाखवा

विश्रामगृहात पत्रकार परिषद घेतली की चहा-पोहे होतात, सहा जण येतात आणि प्रश्न वेगळ्याच विषयावर विचारले जातात. त्यापेक्षा सकाळी आठ ते साडेनऊ, दोन वार्ताहर, जागेवर. मेमध्ये यापेक्षा उशीर केलात तर तुमचं निम्मं बोलणं सावली शोधण्यात जाईल. सोबत पंधरा लिटरची बादली आणि एक पातळी-नळी (दोन जागांची उंची ताडायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) न्या. नळीनं उतार दाखवला आणि बादली ओतून पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं की व्याख्या सांगायची गरज उरत नाही. झाडाच्या बुंध्याला टेकून बांधलेला सिमेंटचा ओटा गावात एक तरी असतोच. तोही दाखवा. मुळांना हवा-पाणी का मिळत नाही, बुंधा जाड होताना काय होतं, दोन मिनिटांत सांगा. बरेचदा त्याचीच स्वतंत्र बातमी होते.

कधी

५ जूनचा पर्यावरण दिन आणि १ ते ७ जुलैचा वनमहोत्सव टाळा. त्या दिवसांत झाडांच्या बातम्यांचा पूर असतो. जगलेल्या झाडांची मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यात द्या, म्हणजे ५ जूनच्या आधीच वार्ताहराच्या हाती वेगळं काहीतरी असतं. पाण्याची बातमी मार्च-एप्रिलमध्ये, टँकर सुरू होताना. जगभर एप्रिल हा लॅण्डस्केप आर्किटेक्चरचा महिना म्हणून साजरा होतो. गावाला त्याचं सोयरसुतक नाही, पण तुमच्या सोयीचा आहे. पोळा, तान्हा पोळा, गणपती, पेरणीची घाई, कापूस-धान खरेदीतला गोंधळ, या काळात पान मिळत नाही. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असलं की तिथल्या आवृत्त्या त्यानंच भरतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा मात्र उपयोगाच्या. तुमचा विषय तिथे मांडून ठराव झाला की बातमीला आधार मिळतो.

रेडिओ आणि माहिती कार्यालय

आकाशवाणीची केंद्रं नागपूर, अकोला, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरला आहेत. कार्यक्रम बरेच आधी ठरतात, म्हणून उन्हाळ्याचा विषय हिवाळ्यातच कळवा. पत्रात विषय, चार मुद्दे आणि तुमची पात्रता एवढंच. दहा मिनिटांच्या भाषणाला अकराशे-बाराशे शब्द पुरतात. आकडे कमी ठेवा, ऐकणारा मागे जाऊन वाचू शकत नाही.

जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी कामाला भेट देणार असतील तर जिल्हा माहिती कार्यालय स्वतः बातमी काढतं आणि ती सगळ्या पेपरांना जाते. पोच मोठी, पण तुमच्या पेशाचं नाव तिथे हमखास गळतं. भेटीच्या आदल्या दिवशी तुमचा दुसरा परिच्छेद त्यांच्याकडे पोचलेला असू द्या.

जाहिरात, नाव आणि भांडणं

दिवाळी, २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या आसपास शुभेच्छा जाहिरातीसाठी फोन येईल. वार्ताहराची मिळकत बऱ्याच अंशी त्या कमिशनवर असते, म्हणून तोंड वाकडं करू नका. वर्षाची एक छोटी रक्कम ठरवा, पेपरच्या नावे पावती घ्या, किंवा सरळ "यंदा जमत नाही भाऊ" म्हणा. फक्त जाहिरात आणि बातमी एकाच फोनवर बोलू नका. एकदा सांगड बसली की तुमची प्रत्येक बातमी बिलासकट येते. गाडीवर 'प्रेस' लिहून व्हिडिओचे पैसे मागणाऱ्यांना चहा पाजा आणि निरोप द्या.

तुमचं स्वतःचं नाव एकदाच, शेवटी. मोबाईल नंबर आणि 'संपर्क साधा' नको. हा नम्रपणाचा प्रश्न नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालच्या १९८९ च्या आचार नियमांनी नोंदणीकृत आर्किटेक्टच्या जाहिरातीवर बंधनं घातली आहेत, मोजके अपवाद सोडून. नियम एकदा मुळातून वाचा. आणि ज्यांची आर्किटेक्ट म्हणून नोंदणी नाही, उद्यानविद्या किंवा कृषी पदवी आहे, त्यांनी बातमीत नुसतं 'आर्किटेक्ट' लावू नये, वार्ताहरानं आपणहून लावलं तरी दुरुस्त करून घ्यावं.

चूक छापून आली तर आधी वार्ताहराला फोन, संपादकाला नव्हे. 'अमुक वाक्याऐवजी अमुक' असा एका ओळीचा मेसेज त्याच दिवशी सकाळी करा. पोर्टलवर लगेच बदलतं, छापील पेपरात खुलासा मिळेलच असं नाही. 'बागकाम तज्ज्ञ' असं छापलं गेलं तर खुलासा मागू नका, पुढच्या बातमीत सुधारा. आकडा चुकला असेल तर मात्र सोडू नका.

गावात दोन गट असतातच. बातमीत आधीच्या कामाला नावं ठेवलीत, तर ती आधीच्या सरपंचाला ठेवली असं धरलं जातं. 'यापूर्वी पाणी साचत होते' इथपर्यंत थांबा. का साचत होतं हे मातीच्या आणि उताराच्या भाषेत सांगा, कंत्राटाच्या नाही.

बातमी लागली की कात्रणाचा फोटो तारखेसकट शाळेला, ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार संस्थेला पाठवा, वार्ताहराला दोन ओळी लिहा आणि वहीत पुढची तारीख टाका. पहिला मोठा पाऊस पडेल त्या सकाळी खांबाजवळ उभं राहून त्याच कोनातून फोटो काढायचा, विहिरीत दोर सोडायचा आणि अकरा वाजता त्याच भाऊंना फोन लावायचा.